दहा वेळा 'तुम्ही'

मुलीच्या शाळेतून शुक्रवारी एक फॉर्म आलाय. वरच्या अर्ध्या भागात 'शाळेची बलस्थाने', खालच्या अर्ध्या भागात 'सुधारणेच्या गरजा', दोन्हीकडं पाच-पाच ओळी, आणि तळाला बारीक अक्षरात सूचना, की खाडाखोड करू नये. सोमवारी परत द्यायचा आहे. मी स्वतः तेरच्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, त्यामुळं असले कागद भरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण हा फॉर्म दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून आहे. काल त्याच्यावर वरणाचा थेंबही पडला.

अडचण अशी, की ही शाळा माझीही आहे. पहिली ते चौथी मी तिथंच शिकले. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा ती एकच इंग्रजी शाळा होती आणि तिला सगळे नुसतं 'कॉन्व्हेंट' म्हणायचे. पालक म्हणून लिहायला बसले, की मधेच दुसरीतली मुलगी बोलायला लागते आणि तिला पाच ओळी पुरत नाहीत.

त्यात बाबांचा तगादा. माझे वडील निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते आमच्याकडंच राहतात, नातीला रोज चालत शाळेत सोडतात, चालतच आणतात. आयुष्य तहसील कचेरीत गेलेलं असल्यामुळं घरात एखादा कागद पेंडिंग पडलेला त्यांना बघवत नाही. सकाळपासून तीनदा विचारून झालं, झालं का लिहून.

सुधारणेच्या गरजा लिहायला मला अजिबात वेळ लागत नाही, ते आधीच सांगते. आमच्या वेळी शाळेला मैदान नव्हतं, आजही नाही. होतं ते अंगण, आणि त्यात एक बदामाचं झाड, ज्याच्या सावलीत कवायत, खेळ आणि बक्षीस समारंभ सगळं उरकायचं. वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. मी भर एप्रिलमध्ये, पत्र्याच्या वर्गात घामाघूम होऊन बर्फाचा माणूस काढलेला आहे, त्याच्या गळ्यात लाल मफलर. स्ट्रॉबेरीचं स्पेलिंग यायचं, पण गावाच्या चारी बाजूंनी उभ्या असलेल्या करडईला पुस्तकात काय म्हणतात ते माहीत नव्हतं. मराठीच्या बाई दर वर्षी बदलायच्या. माझी मुलगी परवा घरी येऊन म्हणाली, की मराठी बोललं तर आता बाकावर उभं करत नाहीत, डायरीत शेरा देतात. एवढ्या वर्षांत एवढी सुधारणा.

आणि तरीही त्या व्हरांड्याची लादी आठवली की मला भरून येतं. लाल लादी होती, रोज सकाळी पुसलेली, आणि आम्ही चपला काढून तिच्यावर ओळीनं उभे राहिलो की तळपायाला गार लागायची. मग प्रार्थना. वर्गात कॅथलिक मुलं असतील दोन किंवा तीन, बाकी आमचा सगळा बाजार. अडत दुकानदारांची मुलं कपाळाला विभूती लावून हात जोडायची, त्यातला एक घरी आजीशी कानडीत बोलायचा. मोहल्ल्यातल्या दोन मुली ओढणी सावरत उभ्या असायच्या. आणि मी, निळ्या कोटातल्या फोटोला वंदन करून घरून निघालेली. सगळे मिळून डोळे मिटून इंग्रजीत काहीतरी म्हणायचो. शेवटचं 'फरेवर नेवर आमेन' मात्र इतक्या जोरात, की बदामावरचे पोपट उडायचे. 'फॉरेव्हर अँड एव्हर' असतं ते, हे मला डीएडला गेल्यावर कळलं.

लघवीला जायचं तर करंगळी वर करून 'मेआयगो' म्हणायचं. हा एकच शब्द आहे असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. मी तो एकदा घरी आईसमोर वापरला, तर तिला वाटलं मला काहीतरी टोचलं.

माझं नाव घालायला बाबा गेले तेव्हाची गोष्ट त्यांनी वस्तीत इतक्यांदा सांगितली होती, की मला ती पाठ आहे. मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि समोरच्या खुर्चीकडं हात करून म्हणाल्या, "प्लीज सिट डाऊन." बाबा कचेरीत शिपाई. तिथल्या खुर्च्या ते मांडायचे, पुसायचे, सभेला इकडून तिकडं न्यायचे, पण त्यांच्यावर बसायचा प्रश्न नव्हता. तिथं दिवसभर, ए, पाणी आण. ए, फाइल घेऊन जा. परवा लागलेला कारकूनसुद्धा अरे-तुरे करायचा. गावात कुणी आडनाव विचारलं, की त्याच्या तोंडातलं 'तुम्ही' पुढच्या वाक्याला गळून पडायचं. हे आम्हाला नवीन नव्हतं.

म्हणून त्यांना इंग्रजीचं भारी अप्रूप. माझ्या अभ्यासाशी त्याचा काही संबंध नव्हता. इंग्रजीत तू नाही आणि तुम्हीही नाही, हे त्यांना कुठंतरी कळलं होतं. ते ओट्यावर बसून लोकांना सांगायचे, "कलेक्टरला बी यू, अन मला बी यू. ह्याला म्हणत्यात भाषा."

आता आमच्या वर्गाच्या सिस्टर. केरळातून नव्यानं आलेल्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या आणि हसताना तोंडावर वही धरणाऱ्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि त्यांनी मनावर घेतलं होतं की शिकायचंच. वर्गात आम्हाला मराठी बंद होतं आणि मधल्या सुट्टीत त्यांना मराठी सुरू. पायरीवर बसायच्या, मांडीवर एक बारकी वही, आणि भोवती आम्ही पहिली-दुसरीची पोरं डबे उघडून. डब्यातल्या शेंगाचटणीपासून गुडघ्याच्या खपलीपर्यंत सगळ्याला मराठीत काय म्हणतात ते विचारायच्या आणि त्यांच्या गोल गोल अक्षरात लिहून घ्यायच्या. सहा महिन्यांत त्या फाडफाड बोलायला लागल्या. 'लई छान'. 'न्हाय येत व्हय तुला'. 'कवा आलास'. मोठ्या सिस्टरांना त्यांचं फार कौतुक वाटायचं. आम्हालाही, कारण ते आम्ही शिकवलं होतं.

पण त्यांचे मास्तर सहा-सात वर्षांचे होते. आम्ही एकमेकांशी जे बोलायचो तेच त्या शिकल्या. आम्ही एकमेकांना तुम्ही कशाला म्हणू?

दुसरीच्या सहामाहीनंतर एका शनिवारी पालकसभा होती, प्रगतिपुस्तकावर सही करायला. बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. वर्गात आठ-दहा पालक आमच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते आणि पहिल्याच बाकावर होते बाबांच्या कचेरीतले नायब साहेब. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. साहेबांना बघून बाबा दारातच थांबले. सिस्टरांनी मान वर केली, ओळखीचं हसल्या आणि आपल्या सगळ्यात चांगल्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ए, तू कवा आलास? आत ये की. इथं बस."

नायब साहेब हसले. फार नाही, नाकातल्या नाकात.

बाबा आत आले. बसले नाहीत. उभ्यानंच सही केली, प्रगतिपुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. माझा वर्गात तिसरा नंबर आला होता, तो त्यांनी वाचलाच नाही. ते गेल्यावर सिस्टर साहेबांकडं वळल्या आणि म्हणाल्या, तू का हसायलास? मग सगळा वर्गच हसला, साहेब तर सगळ्यात मोठ्यानं, मांडीवर थाप मारून.

ही गोष्ट मी पळत घरी नेली. मला वाटलं, आता सगळं मिटेल. सिस्टर साहेबांनाही तू म्हणतात, सगळ्यांनाच म्हणतात, त्यांना कळतच नाही. बाबा शर्ट काढून खुंटीला अडकवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जे बोलले ते मला तेव्हा अर्धंच कळलं.

"साहेबाला तू म्हणलं तर साहेब हसतंय. घरी जाऊन बायकूला सांगंल, आज लई गंमत झाली म्हणून. मला रोज म्हणत्यात. मला त्यात गंमत कुठनं दिसंल?"

मग आईला म्हणाले, की एक जागा होती, ती पण गेली. ती बाई इंग्रजी बोलत होती तोवर ठीक होती, मराठी शिकली अन आपल्या गावासारखी झाली. सोमवारी दाखला काढतो आणि पोरीला नगरपालिकेच्या शाळेत घालतो. आई म्हणाली, वर्षाच्या मधे कशाला? रविवारी सकाळी त्यांनी फुलस्केप कागद घेतला, डाव्या बाजूला समास मोडला आणि अर्ज लिहायला बसले. अक्षर त्यांचं कारकुनांपेक्षा चांगलं होतं, कचेरीतले अर्धे लोक त्यांच्याकडूनच अर्ज लिहून घ्यायचे.

मी माजघराच्या दारातून बघत होते. मला लादी आठवत होती, पायरी, सिस्टरांची वही, बदाम. नगरपालिकेची शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही, आता तर मुळीच नाही, मी तसल्याच शाळेत शिकवून पोट भरते. पण मला माझ्या सिस्टर हव्या होत्या. आणि चूक आमची होती हेही मला समजत होतं. तो शब्द आम्हीच दिला होता त्यांना, पायरीवर बसून.

दुपारी आईनं दळणाचा डबा दिला. गिरणीत डबा नंबरला लावला आणि मी तशीच शाळेकडं सुटले. शाळेच्या मागं सिस्टरांचं घर होतं आणि रविवार असल्यामुळं त्या मागच्या अंगणात झारीनं गुलाबांना पाणी घालत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं. मधली सुट्टी सोडली तर सिस्टरांशी मराठी बोलायचं नाही हे माझ्या इतकं अंगात मुरलं होतं, की मी हात मागं बांधून सरळ उभी राहिले आणि गिरणीपासून पाठ करत आणलेलं वाक्य म्हणून टाकलं.

"सिस्टर, माय फादर इज नॉट तू. माय फादर इज तुम्ही."

त्यांनी झारी खाली ठेवली. पुन्हा म्हणायला लावलं. मग मला रडू फुटलं आणि बाकीचं सगळं मराठीतच बाहेर आलं, अर्ज, दाखला, नायब साहेब, खुंटीचा शर्ट. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण चेहरा उतरत गेला. पायरीवर बसल्या, मला शेजारी बसवलं आणि विचारलं, की मग 'तू' कुणाला म्हणायचं. मी विचार करून यादी दिली. मदर, बेबी, डॉग आणि गॉड. फादरला तुम्ही. साहेबांना तुम्ही. गिरणीवाल्या मामांना तुम्ही. मग इंग्रजीत सावकाश म्हणाल्या, की त्यांच्या भाषेतही असंच असतं, अशाच पायऱ्या. त्यांच्या वडिलांना कुणी असं बोललं असतं तर त्यांनी काय केलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग त्या आत जाऊन ती बारकी वही घेऊन आल्या. मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. ये नाही, या. बस नाही, बसा. आलास नाही, आलात. तुझी नाही, तुमची. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली, तेव्हा मला आमच्या वर्गाचा नियम आठवला. चुकलेला शब्द त्या आमच्याकडून दहा वेळा लिहून घ्यायच्या. मी म्हटलं, टेन टाइम्स, सिस्टर. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. आणि वही परत उघडली. दहा वेळा 'तुम्ही' लिहिलं, मी बोटानं मोजलं, एका ठिकाणी 'म्ही' चुकला होता तो दाखवला. मग पळत गिरणीत गेले, तर माझा नंबर कधीच येऊन गेला होता आणि आईचा मार खाल्ला.

सोमवारी बाबा मला घेऊन शाळेत आले, खिशात तीन घड्या घातलेला अर्ज. त्यांना मोठ्या सिस्टरांच्या खोलीत जायचं होतं. पण आमच्या सिस्टर व्हरांड्यातच उभ्या होत्या, प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, आणि शेजारी वर्गातली खुर्ची आणून ठेवलेली. बाबा दिसल्यावर त्यांनी हात जोडले. परीक्षेला तोंडी उत्तर द्यावं तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "या. तुम्ही बसा. तुम्ही कवा आलात?"

बाबा उभेच. सिस्टरांचं पुढचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं, ते त्यांनी रात्रीतून स्वतःच जुळवलं होतं. "मी चुकली. तुम्ही मुलगी मला शिकवली. माफ करा."

व्याकरण पार बिघडलेलं होतं. मी मान खाली घालून लादीकडं बघत होते. एवढं कळलं, की खुर्ची वाजली. वर बघितलं तर बाबा बसले होते, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. सिस्टर आत गेल्या आणि पेल्यात पाणी घेऊन आल्या. कचेरीत पाणी द्यायचं काम बाबांचं. त्यांनी पेला घेतला, सावकाश सगळं पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "शिकल्या की तुम्ही." अर्जाचा विषय निघाला नाही. खिशात तसाच घेऊन ते कचेरीत गेले, आणि मी प्रार्थनेच्या ओळीत जाऊन उभी राहिले.

त्यानंतर सिस्टरांचं मराठी कायमचं बिघडलं. त्यांनी 'तू' हा शब्दच टाकून दिला. पुन्हा चूक व्हायला नको म्हणून सगळ्यांनाच तुम्ही. नायब साहेबांना तुम्ही, झाडू मारणाऱ्या मावशींना तुम्ही. मावशी आधी मागं वळून बघायच्या, कुणाला म्हणतात म्हणून. गुलाब खायला येणाऱ्या शेळीला त्या काठी उगारून म्हणायच्या, तुम्ही बाहेर जा. आणि आम्हालाही तुम्ही, आम्हा शेंबड्या पोरांनाही. दुसरीतल्या पोराला 'तुम्ही नाक पुसा' म्हटलं की तो खरंच ताठ उभा राहून नाक पुसायचा. चौथीत असताना त्यांची बदली झाली. सिस्टरांच्या बदल्या अशाच होतात, सोमवारी शाळेत गेलं की कळतं. त्या कुठं आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही. मी चौकशी करायला हवी होती, केली नाही, याची आता लाज वाटते.

आज दुपारी शेवटी फॉर्म घेऊन बसले. आधी कपाटातली जुनी पिशवी काढली, माझे दाखले असतात ती. त्यात तो अर्जही आहे, बाबांनी कधी ठेवला कोण जाणे. घड्यांवर फाटत आलाय. अक्षर मात्र जसंच्या तसं. विषय, मुलीचे नाव कमी करून दाखला मिळणेबाबत. कारण, घरगुती अडचण. दुसरं काय लिहिणार होते? अर्जात त्या गोष्टीसाठी शब्द नव्हता.

ते वाचलं आणि मला राग आला, इतक्या वर्षांनी. सुधारणेच्या गरजांत मैदानाचं लिहिलं, डायरीतल्या शेऱ्याचं लिहिलं, आणि उरलेल्या ओळींत, बारीक अक्षरात, ती पालकसभा लिहिली. पालकांशी कसं बोलावं हे शिक्षकांना आधी शिकवा, असं शेवटी. मग बाबांना वाचून दाखवलं, कारण ते समोरच बसले होते आणि कागद एकदाचा हलला म्हणून खूश होते.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा लावून फॉर्म हातात घेतला, परत दिला.

"मैदानाचं, शेऱ्याचं खाली ठीक हाय. पर ह्ये सभेचं वर लिही," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, ही चूक होती. चूक बलस्थानात कशी लिहू?

"चूक समद्याच जागी झाली माझ्यासंगं. सात वर्साच्या पोरीचं ऐकून सुधारली, ती एवढी एकच जागा. दुसरी म्या न्हाय बघितली." थोडं थांबून म्हणाले, "वरच लिही."

मग मी खालची पालकसभा खोडली आणि वर लिहिली. पाच ओळी भरल्या, मग समासात, मग समासाच्या वर. फॉर्मचं पार वाटोळं झालं, त्यात वरणाचा डाग. असली वही मी सिस्टरांपुढं ठेवली असती, तर त्यांनी लाल पेन उघडून एक रेघ मारली असती आणि वही परत माझ्या हातात देत, मी सात वर्षांची असूनसुद्धा, म्हटलं असतं, तुम्ही परत लिहा.